सेहेचाळीसातले नऊ

आमच्या ऑफिसच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर वळण आहे, आणि गेले काही महिने माझा भाऊ त्या वळणावर थांबतो. मी वर टेबलाशी बसलेली असते, डोळे कागदावर आणि कान जिन्याकडे. नऊ वेळा बुटांचा आवाज येतो, मग काहीच नाही. मग दाबलेला खोकला, आणि मग पुन्हा बूट. वर येऊन भावजयीने माझ्यासाठी दिलेला डबा माझ्यासमोर ठेवतो आणि मी तोंड उघडायच्या आत सांगतो, लेस सुटली होती. रोज बरी तुझी लेस सुटते, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला लेसच तसली आहे. खोटं बोलायचं तर माणसाने निदान थोडं डोकं वापरावं.

घरात त्याला बारक्या म्हणतात. उंची अशी की दारातून जाताना मान खाली घालतो, पण नाव पडलं ते पडलं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी अठराची, तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून लग्न लावण्यापर्यंत सगळं मीच केलं. या फरशीच्या कारखान्यातही त्याला मीच चिकटवला, साहेबांपाशी शब्द टाकून. माझा भाऊ इथे आहे म्हणून सगळा कारखाना मला ताई म्हणतो, साहेबसुद्धा. तेव्हा फार मिरवले मी.

बारक्या घासाई खात्यात आहे. कापलेल्या फरश्या तिथे घासून गुळगुळीत करतात. सुट्टीचा भोंगा झाला की त्या खात्यातून सेहेचाळीस माणसं बाहेर पडतात आणि सगळी एकाच रंगाची असतात. नळावर तोंड धुतल्याशिवाय कोण कुठला ते कळत नाही. या धुळीवरून दोन वर्षांपूर्वी बरीच भांडणं झाली आणि कामगारांच्या संघटनेशी करार झाला. महिन्यातून एकदा प्रत्येकाने दवाखान्यात जाऊन फुंकायचं. एक प्लॅस्टिकची नळी असते, तिच्यावर आकडे आणि सरकणारा काटा. छाती भरून एका दमात फुंकलं की काटा पुढे जातो. कामगारांनी तिचं नाव फुंकणी ठेवलं. दणकट माणूस काटा पाचशेपर्यंत नेतो. एखाद्या खात्याची सरासरी चारशेच्या खाली गेली, तर ते खातं त्याच दिवशी बंद. तिथे धूळ ओढणारं यंत्र बसेपर्यंत माणसांना दुसऱ्या कामाला लावायचं. एवढा साधा करार होता, आणि ती सरासरी काढायचं काम माझ्याकडे होतं.

आधी मी ती कॅल्क्युलेटरवर काढायची. सहा महिन्यांपूर्वी माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आला आणि त्यात डेटाबेस. दवाखान्यातल्या सिस्टर त्यांच्या खोलीत बसून प्रत्येकाच्या नावापुढे आकडा भरतात, आणि मी इथे बसून त्याचा गोषवारा काढते. कोणाला वाटेल मोठं कठीण काम आहे, पण तसं काही नाही. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, उघडायची आणि वर ते आडव्या पडलेल्या एमसारखं चिन्ह असतं ते दाबायचं. खाली टोटलची एक नवी ओळ उगवते. खात्याच्या रकान्याखाली ‘ग्रुप बाय’ निवडायचं, आकड्याच्या रकान्याखाली ‘ॲव्हरेज’. झालं. अडीचशे माणसांच्या सहा ओळी होऊन समोर येतात, प्रत्येक खात्याची एक. पहिल्यांदा जमलं तेव्हा साहेबांनी चार लोकांसमोर माझं कौतुक केलं, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मीही चढून बसले. माणसांच्या ओळी उघडून बघायची गरजच काय, असं मला वाटायला लागलं.

घासाईची सरासरी तीन महिन्यांपूर्वी चारशे अठरा होती. साहेब घाबरले आणि धूळ ओढणाऱ्या यंत्राची चौकशी सुरू झाली. पुढच्या महिन्यात मी चारशे पंचवीस काढून दिली, तेव्हा ते म्हणाले थोडं थांबू. मग चारशे तेहेतीस आली आणि यंत्राचे कागद कपाटात गेले. भावजय दर महिन्याला विचारायची, वन्सं, आकडा काय म्हणतो? मी सांगायची, चढतोय. मग हे रात्री उठून का बसतात, असं तिने एकदा विचारलं. मी तिला सांगितलं, उशी बदल. असं मी खरोखर सांगितलं, आणि वर तिला दोन उशा घेऊनही दिल्या.

ज्या दिवसाची गोष्ट सांगते आहे, त्या दिवशी दुपारी तीनला सरकारी तपासनीस बाई येणार होत्या. त्यांनी नवा तक्ता पाठवला होता. त्यात नेहमीच्या सरासरीशेजारी एक जास्तीचा रकाना होता, किती जणांची तपासणी झाली. साडेअकराला मी क्वेरी उघडली. या महिन्याची घासाईची सरासरी आली चारशे एकेचाळीस. माझा जीव भांड्यात पडला. सकाळीच बारक्या वळणावर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला होता, म्हणून मी बेचैन होते. आकडा चांगला आहे म्हणजे काळजीचं कारण नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. मग नव्या रकान्यासाठी आकड्याखाली ‘काउंट’ निवडलं. घासाईपुढे आलं सदतीस.

घासाईत सेहेचाळीस जण आहेत हे मी झोपेतही सांगेन. मला वाटलं, मीच काहीतरी घोळ घातला. पुन्हा पहिल्यापासून केलं, तरी सदतीसच. मग नावाच्या रकान्याखाली ‘काउंट’ लावलं, तर सेहेचाळीस. आता पडद्यावर एकाच ओळीत दोन आकडे शेजारी उभे होते, नावं सेहेचाळीस आणि आकडे सदतीस. 

हा कॉम्प्युटर आकडा न भरलेली कोरी चौकट मोजत नाही. तिला शून्य धरत असता तर सरासरी धाडकन खाली आली असती आणि पहिल्याच महिन्यात मला कळलं असतं. पण तो तिला शून्यही धरत नाही, ती चौकट आहे हेच धरत नाही. सदतीस जणांची बेरीज करतो, सदतीसने भागतो आणि चारशे एकेचाळीस सांगून मोकळा होतो. नऊ जणांनी फुंकलंच नाही, आणि माझी सरासरी त्यांच्यावाचून मजेत चढत होती.

ज्यांची चौकट कोरी आहे तेवढ्यांचीच यादी काढली. नऊ ओळी आल्या. पहिल्या दोघांची नावं वाचली, दोघेही जुने, दोघेही खोकणारे. तिसरं नाव माझ्या भावाचं होतं.

  मग मागचे महिने काढून बघितले. पहिल्या महिन्यात कोऱ्या चौकटी दोन, मग पाच, आता नऊ. बारक्या तिन्ही महिन्यांत होता. त्याच्या आधीचा त्याचा शेवटचा आकडा तीनशे पस्तीस. म्हणजे सरासरी चढत होती ती माणसं सुधारली म्हणून नाही. ज्यांचा दम संपत होता ती एकेक करून यादीतून गळत होती, म्हणून. आणि मी तोच चढता आकडा घेऊन भावजयीला उशा देत होते.

दवाखान्यात गेले तेव्हा सिस्टर कापसाचे बोळे करत होत्या. त्या मऊ स्वभावाच्या, कुणाला सुई टोचायची तरी आधी त्याची माफी मागतात. मी नऊ नावांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कागदाला हातही लावला नाही, ड्रॉवरमधून एक हिरवी वही काढली. कुणाचा आकडा अडीचशेच्या आसपास आला की त्याला खात्यातून काढून फाटकावर बसवतात, गाड्यांचे नंबर लिहायला. माणसांना ती शिक्षा वाटते. इतकी वर्षं हाताने काम केलं आणि आता खुर्चीत बसायचं, म्हणून ते येऊन हात जोडतात, सिस्टर, या वेळी सर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघा. मग त्या चौकट कोरी ठेवतात आणि खरा आकडा पेन्सिलीने या वहीत लिहितात. कोरी ठेवली म्हणजे खोटं लिहिलं असं होत नाही, असा त्यांचा हिशेब.

मला संताप आला, कुणाचा ते कळेना. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. तेव्हा त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “मला वाटलं, कोऱ्या चौकटी बघून तुम्ही विचाराल. पहिल्या महिन्यात मी वाट बघितली. तीन महिने तुम्ही विचारलं नाहीत, मग वाटलं, भाऊ आहे म्हणून तुम्हालाही हेच हवं असेल.”

 ओळी उघडून बघितल्या असत्या तर पाच मिनिटांचं काम होतं.

वहीत आठ जणांचे आकडे होते. दोनशे पन्नास, दोनशे चाळीस, एकाचा तर एकशे नव्वद. बारक्याच्या नावापुढे तिन्ही महिने नुसती रेघ होती. तो येतो, फुंकणी हातात घेतो, तशीच परत ठेवतो आणि म्हणतो, ताईला सांगू नका. एवढंच सिस्टरनी सांगितलं आणि पुन्हा कापसाला लागल्या, पण त्यांचे बोळे आता वेडेवाकडे होत होते.

त्यांच्याच कॉम्प्युटरवर आम्ही दोघींनी ते आठ आकडे चढवले. त्या सांगत होत्या, मी टाकत होते. क्वेरी चालवली. पंचेचाळीस जण, सरासरी चारशे तीन.

चारशे तीन म्हणजे खातं चालू. आठ माणसांचा दम तिथे उघडा पडला होता आणि करार म्हणत होता, चालू द्या. आता एकच चौकट कोरी होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. बारक्याचा आकडा किती आला तर सरासरी चारशेच्या खाली जाईल? उत्तर आलं दोनशे बासष्ट. दोनशे बासष्ट किंवा त्याहून कमी आला तर आजच खातं बंद, यंत्र येणार, सेहेचाळीस जण धुळीतून बाहेर, माझा भाऊही. दोनशे त्रेसष्ट आला तर ते सगळे उद्या पुन्हा आत. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी माणूस पाठवून बारक्याला बोलावलं. तो आला, भुवयांवर धूळ, दारात मान खाली घातलेली. फुंकणी माझ्या हातात बघितली आणि सगळं समजला. सिस्टरकडे त्याने एकदा बघितलं, तर त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी त्याला पुष्कळ बोलले. लहानपणी शेजारच्या मुलांच्या फुटबॉलमध्ये तू तोंडाने हवा भरायचास, पंप हरवला तर तुला बोलवायचे, आणि आता एक नळी फुंकायला तुला लाज वाटते का, असं काहीबाही. आवाज चढला माझा. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “तेच तर, ताई. फुंकलं की आकडा होतो. तोपर्यंत नुसता खोकला आहे.”

माझा सगळा पारा तिथेच उतरला. सात वर्षांचा असताना दुखरा दात जिभेने झाकून तोंड मिटून बसायचा, तोच हा. मला ओरडताही येईना आणि त्याला जवळ घेताही येईना, सिस्टर होत्या. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझी एकट्याची चौकट कोरी उरली आहे, बाकीच्यांच्या मी भरल्या. दोनशे बासष्टचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो एक तर मुद्दाम कमी फुंकला असता नाही तर मुद्दाम जास्त, आणि मला खरं हवं होतं.

 मग त्याने तोंड पुसलं आणि फुंकणी घेतली.

तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा धरायचा, असा नियम आहे. पहिल्यांदा फुंकलं, काटा एकशे ऐंशीवर थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्यांदा दोनशे दहा. मग त्याला ईर्षा आली. माझा भाऊच तो, दोन आकडे असे आल्यावर गप्प बसणारा नव्हे. खांदे मागे घेतले, डोळे मिटले, छाती भरायला लागला, आणि मी त्या काट्याकडे बघत मनात म्हणायला लागले, नको, पुढे जाऊ नकोस, थांब, तिथेच थांब. ज्या पोराला मी घास भरवून वाढवलं, त्याचा श्वास कमी पडावा म्हणून मी जीव मुठीत धरून उभी होते.

काटा दोनशे पाचला थांबला. तो टेबलाला धरून खोकत राहिला. आणि मला आनंद झाला. अगदी क्षणभर झाला, पण झाला, आणि तो क्षण मी विसरू शकत नाही.

सिस्टरनी चौकटीत दोनशे दहा भरला. नावं सेहेचाळीस, आकडे सेहेचाळीस, सरासरी तीनशे नव्व्याण्णवच्याही थोडी खाली.

पावणेतीनला साहेब माझ्या टेबलाशी आले. तक्ता बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यांना वाटलं माझी क्वेरी चुकली. मी त्यांना सगळं दाखवलं, कोऱ्या चौकटी, तीन महिने, माझी चूक, एकही गोष्ट लपवली नाही. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागले. यंत्राचं ते बघतील, दोन-तीन महिन्यांत नक्की. आज मात्र खातं बंद करणं शक्य नाही, मोठं काम हातात आहे. आठ आकडे राहू द्या, पण नववा माणूस तीन महिने कोरा होता, आणखी एक महिना कोरा राहिला तर कुणाला कळणार? शिवाय तुमचाच भाऊ, ताई, तो फाटकावर बसलेला तुम्हाला तरी बघवेल का?

बघवणार नव्हतं, ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. एक बटण दाबायचं होतं फक्त. चौकट कोरी होईल, चारशे तीन परत येईल, आणि गेले तीन महिने मी असल्याच आकड्यावर छान झोपत होते.  

“साहेब,” मी म्हटलं, “तो फुंकलाय.”

आणि प्रिंट दिलं. कागद बाहेर यायला नेहमीसारखाच वेळ लावत होता मेला.  मशीनमधून कागद साहेबांनी स्वतःच उचलला, दोनदा वाचला आणि तपासनीस बाईंसाठी फाइलमध्ये लावला. तेवढं त्यांनी केलं, ते मी मानते.

चारला घासाईची यंत्रं एकेक करून बंद झाली. इतक्या वर्षांत कामाच्या वेळी ती बंद झालेली मी ऐकली नव्हती, त्यामुळे ऑफिसातले सगळे माना वर करून बघायला लागले. जरा वेळाने जिन्यात बूट वाजले. रिकामा डबा न्यायला तो आला होता. मी मोजत होते. नऊ झाले आणि आवाज थांबला.

मी उठून खाली गेले. तो वळणावरच्या पायरीवर बसला होता, तोंड धुतलेलं, केस ओले. मी शेजारी बसले. खाली आवारात माणसं घोळक्याने उभी होती, काही चिडलेली, काही नुसतीच भांबावलेली. उद्यापासून कोण कुठे ते अजून ठरलं नव्हतं. बारक्याचं आणि त्या आठ जणांचं तेवढं ठरलं होतं, फाटक.

 मग त्याने विचारलं, “तुला किती हवा होता, ताई?”

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझा चेहरा वाचला असणार त्याने फुंकताना. खोटं बोलायचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

“दोनशे बासष्टच्या आत,” मी म्हटलं.

त्याने जरा विचार केला. “म्हणजे पास झालो,” म्हणाला आणि हसायला लागला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. तो खोकला थांबेपर्यंत मी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलं नाही, त्यानेही न बघितल्यासारखं केलं नाही.

मग आम्ही उरलेल्या पायऱ्या चढायला लागलो, डबा वरच होता. त्यातल्या चौथ्या पायरीवर तो थांबला. मीही थांबले. लेसचं नाव त्याने काढलं नाही.